खिशात चुंबक ठेवा

सार्वजनिक शिल्पांच्या नोंदणीच्या कामाला लागलो, त्याच महिन्यात नोंदी तपासणाऱ्या ताईंनी माझ्या एका नोंदीवर लाल पेनाने गोल केला. उपनगरातल्या एका चौकातला अर्धपुतळा होता, तपकिरी-सोनेरी रंगाचा. 'साहित्य : ब्राँझ' असं मी झोकात लिहून टाकलं होतं. "जवळ जाऊन पाहिलंस का?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी शिडी मागून वर चढलो. कानामागे रंगाचा टवका उडाला होता आणि आतून सिमेंट दिसत होतं.

म्हणून मुंबईत हे काम शिकायला येणाऱ्यांना मी आधी चुंबक घ्यायला सांगतो. कॅमेरा सगळेच आणतात. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक ओतीव लोखंडाला ओढ घेतं, ब्राँझला घेत नाही. बोटाच्या पेराने हलकेच टकटक केली तर ब्राँझ खणखणतं आणि फायबर बद्द वाजतं. खरवडून मात्र काहीही बघायचं नाही. आपण नोंद करायला आलोय, शाळेचा बाक कोरायला नाही. शिल्पकाराची सही बहुधा तळाच्या कडेला, धुळीखाली असते. ती सापडली तर जवळपास ओतशाळेचीही खूण शोधा. पुतळा घडवला कोणी आणि ओतला कुठे, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पुण्यातला, शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी घडवलेला साडेतेरा फुटी अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ साली ओतला गेला तो माझगाव गोदीत. त्या पुतळ्याच्या कागदावर मुंबईचं नाव यायलाच हवं.

पाटी जशी आहे तशी उतरवा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. जुन्या पाणपोयांवर एकाच दात्याचं नाव गुजरातीत एका तऱ्हेने आणि इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं आढळतं. तुम्ही ते 'सुधारून' एकसारखं केलंत तर पुढच्या अभ्यासकाचा धागा तुटतो. झिजलेली अक्षरं भर दुपारी वाचता येत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, नाहीतर संध्याकाळी बाजूने टॉर्च मारा. सावल्या पडल्या की अक्षरं वर येतात.

जागेचे दोन रकाने ठेवा, मूळ आणि सध्याची. काळा घोडा हे त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. सातव्या एडवर्डचा, तेव्हाच्या युवराजाचा, घोड्यावरचा पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि १८७९ साली तो उभा राहिला. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. घोडा गेला तरी चौकाचं नाव बावन्न वर्षं तेच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही. आता सांगा, 'काळा घोडा' या नावाखाली नोंदीचं कार्ड एक करणार की दोन? आम्ही दोन केली आणि एकमेकांचे क्रमांक एकमेकांवर लिहिले.

आता रंगाबद्दल. हा माझा हळवा विषय आहे. पाऊस, धूर, कबुतरं, खारी हवा यांचा त्रास आहेच, पण आमच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने होतं. जयंती आली की कार्यकर्ते मनापासून ऑइल पेंटचा डबा घेऊन येतात. दगडात शिरलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट हवी असते. रंगाने ती बंद होते, मग क्षार आतल्या आत साठतात आणि एक दिवस रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही सुटतो. नाकाची धार, पदराची चुणी थराथराने बुजते ते वेगळंच. हुतात्मा चौकाजवळचं फ्लोरा फाउंटन १८६४ चं, पोर्टलँड दगडातलं. त्याच्यावर असेच रंगाचे थर चढले होते. ते उतरवून दुरुस्त झालेलं कारंजं २०१९ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालं. फोर्टात गेलात तर तिथे अर्धा तास नुसतं उभं राहा, काय झाकलं गेलं होतं ते कळेल.

ब्राँझची गोष्ट उलटी. त्याच्यावरचा एकसारखा, घट्ट बसलेला तपकिरी-हिरवा थर धातूला सांभाळतो. चिंच-लिंबू लावून तो चकचकीत करू नका. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी दिसली तर मात्र त्याच दिवशी कळवा. खाऱ्या हवेतले क्लोराइड आत काम करत असतात आणि ते थांबवणं संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू शास्त्रीय रीतीने जपणाऱ्या तज्ज्ञाचं, काम आहे, आपलं नाही.

म्हणून जयंतीच्या आधी एक फेरी आणि नंतर एक फेरी, हा माझा नियम. कार्यकर्त्यांशी वाद घालू नका. चहा घ्या आणि मागच्या वर्षी कुठला रंग दिला, डबा कुठून आणला ते विचारा. डब्यावरचं नाव संवर्धकाला सोन्यासारखं असतं. समोरच्या टपरीवाल्याकडे तर पुतळ्याचा सगळा इतिहास असतो. तो 'ऐकीव' असा शेरा मारून वेगळा लिहा.

शिक्षणाचं थोडक्यात. शिल्पकला शिकलेले, वास्तुविशारद, इतिहासवाले, रसायनवाले, सगळे इथे खपतात. पुढे संवर्धनच करायचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राचं काम बघा आणि लखनऊच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणांची चौकशी करा. नोंदणीची कामं बहुतेक प्रकल्पापुरती असतात आणि पैसे उशिरा येतात. घरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तो उपनगरातला अर्धपुतळा मी परवा पुन्हा पाहिला. या वर्षी तो पांढरा झालाय, संगमरवरासारखा. कानामागचा टवका बुजलाय. कार्डावर तारीख घालून एक ओळ वाढवली आणि जुना फोटो मागे टाचून ठेवला.