बोरनहाणात लहानग्यांचे सहज फोटो कसे टिपावेत

बोरनहाणाचे निम्मे फोटो सारखेच असतात: पाटावर भेदरलेलं मूल, मागे साड्यांचे काठ, आणि मुलाची नजर भलतीकडेच, कारण चार जणी चार कोपऱ्यांतून ‘इकडे बघ, इकडे बघ’ करतायत. ते ‘इकडे बघ’ आधी बंद करा. मूल आवाजाकडे बघतं, कॅमेऱ्याकडे नाही.

कार्यक्रम साडेचारला ठेवायला सांगा. संक्रांतीच्या सुमारास पुण्या-मुंबईकडे सव्वासहाला सूर्य मावळतो. ‘सगळे ऑफिसातून आले की करू’ म्हटलं की फोटो ट्यूबलाइटमध्येच निघणार.

पाट खिडकीपासून चार-पाच फुटांवर, मुलाचं तोंड खिडकीकडे. तुम्ही खिडकीच्या बाजूला, उजेड न अडवता, जमिनीवर मांडी घालून. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. लेन्स पुसा, फ्लॅश बंद. पोर्ट्रेट मोडही बंद, कारण हलव्याच्या मुकुटाच्या बारीक कडा तो हमखास खातो.

काळं झबलं पाहून कॅमेरा फसतो आणि सगळंच उजळवतो. मग गाल पांढरे पडतात आणि हलव्याचे काटे दिसत नाहीत. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथेच राहील, आणि उजेड किंचित खाली ओढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप (उजेड मोजायचं माप) कमी करा.

आता खरी अडचण: ओतण्याचे ते चार-पाच सेकंद. हौशी मंडळी समोर वाकून अख्खं मापटं एकदम रितं करतात. उजेड अडतो, फोटोत फक्त त्यांची पाठ येते, आणि मूल रडतं ते वेगळंच. म्हणून ओतणाऱ्यांना मुलाच्या मागे किंवा बाजूला उभं करा आणि एका वेळी अर्धी वाटीच ओतायला सांगा, तीन-चार खेपांत. हे औक्षण सुरू होण्याआधीच ठरवा. एकदा वाट्या हातात आल्या की तुमचं कुणी ऐकत नाही.

‘शटर वेगात ठेवा’, म्हणजे ते क्षणभरच उघडू द्या, हा सल्ला अर्धवट आहे. हातभर उंचीवरून सोडलेलं बोर डोक्यापाशी पोचताना सेकंदाच्या शंभराव्या भागात तीन सेंटीमीटर सरकतं, म्हणजे फोटोत नुसती रेघ. दिवसाउजेडी शटर १/५०० सेकंदावर ठेवा, लेन्सचं छिद्र एफ २.८, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर आणि कमाल ६४००. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. पण दिव्याखाली हाच वेग घात करतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोभर काळे पट्टे पडतात. तिथे १/१०० वर या आणि पडती बोरं विसरा.

तशीही ती विसरलेलीच बरी. वाटी ओतताना मूल डोळे घट्ट मिटतं. तो फोटो प्रत्येकाकडे असतो. खरा फोटो पुढच्या दोन सेकंदांत आहे: डोळे उघडतात, एक कुरमुरा भुवईवर अडकलेला असतो, आणि मूल बाहीवरचा हलवा निरखत बसतं. वाटी रिकामी झाली की बोट उचलू नका, तिथूनच सलग फोटो सुरू करा. काही फोनवर बटण दाबून धरलं की व्हिडिओ सुरू होतो आणि सलग फोटोंसाठी बटण बाजूला ओढावं लागतं; आदल्या दिवशी पाहून ठेवा. शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या मापट्यात असतील तर बारक्याच्या घशात अडकू शकतात, आणि मूठ तोंडाकडे निघालेली सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसते. तेव्हा फोटो सोडा, हात धरा.

मोठ्या मुलांची लूट सुरू झाली की वरून फक्त डोकी दिसतात. फोन सतरंजीला टेकवा. त्याहून चांगले फोटो नंतर मिळतात, मुलं कोपऱ्यात बसून कुणाला किती बोरं मिळाली ते मोजतात तेव्हा. तिथे दोन मीटर लांबून, २एक्सवर (दुप्पट झूमवर), गप्प बसून काढा.

निवड त्याच रात्री करा: दीडशेतले पंधरा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी मुलाच्या आई-वडिलांना दाखवा; झबलं बदलतानाचे तर काढूच नका.