न केलेल्या बाकीची नोटीस आली तर काय करायचं

घरफाळ्याची म्हणजे घरपट्टीची खोटी बाकी, न काढलेल्या कर्जाची नोटीस, भलतंच फुगलेलं विजेचं बिल. असा कागद दारात आला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: "भरून टाक की गं, कशाला ऑफिसच्या पायऱ्या झिजवायलीस?" दुसरा त्याहून वाईट: "गप बस, कोण येतंय वसूल करायला." मी बेळगावात वडगावला राहते. एका सहकारी सोसायटीत हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली आणि आता गल्लीतल्या बायकांना अर्ज लिहून देते. या दोन्ही सल्ल्यांनी नडलेली माणसं मी जवळून बघितली आहेत. एकदा भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड, आणि गप्प बसलं तर तीच चूक पुढच्या वर्षी दंड-व्याज घेऊन येते. म्हणून मुदतीच्या आत, लेखी, पोच घेऊन उत्तर द्यायचं. बाकी सगळं याच्याच आजूबाजूला आहे.

कागद कानडीत आहे म्हणून कुणाच्या तरी हातात देऊन मोकळं होऊ नका. आधी स्वतः बघा. कन्नड अक्षरं येत नसतील तर मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप आहे, नाहीतर शाळेत जाणारं पोर घरात असतंच, त्याला वाचायला सांगा. चार गोष्टी शोधा: नाव कुणाचं आहे, मिळकतीचा किंवा खात्याचा नंबर कोणता, रक्कम कुठल्या वर्षाची, आणि उत्तराची मुदत किती. 'तेरिगे' म्हणजे कर, 'बड्डी' म्हणजे व्याज. 'दंड' आणि 'बाकी' आपलेच शब्द. मूळ कर किती आणि दंड-व्याज किती हे वेगवेगळं लिहून काढा. बऱ्याचदा मूळ रक्कम अगदी लहान असते आणि वरचा डोंगर व्याजाचा असतो.

आता एका शेजारणीच्या घरफाळ्याचं सांगते, कारण अशी चूक आपल्या जुन्या वाड्यांत फार घडते. विणकर कुटुंब, नवरा वारलेला, दरवर्षी वेळेवर फाळा भरणारी बाई. तिला अनेक वर्षांच्या थकबाकीची नोटीस आली. आम्ही सगळ्या पावत्या जमिनीवर वर्षांप्रमाणे मांडल्या. एकही वर्ष तुटलेलं नव्हतं. मग नोटिशीवरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवला, तेव्हा उलगडलं. सासऱ्यांच्या पश्चात दोघा भावांची वाटणी झाली, दोन नवी खाती निघाली, पण सासऱ्यांच्या नावाचं मूळ खातं कुणी बंदच केलं नाही. दोघे भाऊ आपापला फाळा भरत राहिले आणि त्या मेलेल्या खात्यावर, त्याच भिंतींसाठी, दुसऱ्यांदा कर चढत राहिला. काउंटरवरच्या माणसाला ते कळायचं काही कारण नव्हतं. त्याच्या पडद्यावर फक्त बाकी दिसत होती.

म्हणून आधी नंबर जुळवा, रक्कम मग. महानगरपालिकेच्या हद्दीत पीआयडी नंबर, म्हणजे मिळकतीचा ओळख क्रमांक, आणि ई-आस्ती या शहरी मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीतला खाता उतारा, म्हणजे फॉर्म दोन किंवा तीन. गावठाणात ई-स्वत्तू या ग्रामपंचायतीच्या तशाच नोंदीतला फॉर्म नऊ किंवा अकरा. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा आणि आजोबांच्या काळातले मराठी कागद अजून घरोघरी आहेत. ते रद्दीत घालू नका. जुना घर नंबर आणि नवा पीआयडी ही एकच मिळकत आहे हे दाखवायला तेच उपयोगी पडतात. आणखी दोन गोष्टी तपासा: क्षेत्रफळ आणि वापर. महानगरपालिकेचा कर स्वयंघोषणेवर चालतो, म्हणजे कधीतरी कुणीतरी फॉर्ममध्ये भरलेलं तसंच पुढे येत राहतं. खोलीतले माग काढून जमाना झाला तरी ती खोली धंद्याच्या दराने लागलेली असू शकते.

पावत्यांचं एक सांगून ठेवते. मशीनमधून निघणारी चकचकीत कागदाची पावती बघता बघता पांढरी पडते, अक्षर उरत नाही. घेतल्या दिवशी झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा, झेरॉक्सवर वर्ष मोठ्या आकड्यात लिहा.

मग अर्ज. शहरात महानगरपालिकेचे आयुक्त, खानापुरात पट्टण पंचायतीचे मुख्याधिकारी, खेड्यात ग्रामपंचायतीचे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, यांच्या नावे. अर्ज मराठीत लिहिला तर चालतो का, हे मला सारखं विचारतात. चालतो. भारतीय घटनेचं कलम ३५० प्रत्येकाला तक्रारीचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत द्यायचा हक्क देतं. उत्तर मात्र तुमच्याच भाषेत येईल अशी हमी त्यात नाही, ते कानडीतच येईल. मी स्वतः काय करते, तर अर्ज मराठीत लिहिते आणि खाली विषय व मागणी कन्नडमध्ये लिहून घेते, म्हणजे टेबलावरच्या माणसाला अडचण सांगायला जागा उरत नाही. हक्क सोडायचा नाही, आणि काम अडेल असंही वागायचं नाही. अर्ज साधारण असा:

"विषय: मिळकत पीआयडी क्र. ___ वरील चुकीची थकबाकी रद्द करणेबाबत. महोदय, दि. ___ ची आपली नोटीस क्र. ___ मला दि. ___ रोजी मिळाली. त्यात सन ___ ते ___ या काळाची रु. ___ इतकी बाकी दाखवली आहे. ही बाकी मला मान्य नाही. या सर्व वर्षांचा कर मी भरला असून पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वाटणीनंतर मूळ खाते क्र. ___ रद्द न झाल्याने दुहेरी आकारणी झाली आहे. तरी ते खाते रद्द करून बाकी कमी करावी, माझ्या खात्याचा डीसीबी उतारा द्यावा, आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी. या अर्जाचे लेखी उत्तर मिळावे."

डीसीबी म्हणजे मागणी, वसुली आणि शिल्लक यांची नोंदवही. सगळा घोळ तिथेच दिसतो, म्हणून तो उतारा मागायचा विसरू नका. अर्ज दोन प्रतीत न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेब मीटिंगला गेलेत, अर्ज ठेवून जा" म्हटलं तर ठेवून येऊ नका. आवक-जावकच्या टेबलावर जा, नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी "होतंय की, या पुढच्या आठवड्यात" याला काही किंमत नाही. 'हिंबरह' मागा. अर्जावर कचेरीने दिलेलं लेखी उत्तर म्हणजे हिंबरह. नकार असला तरी लेखी घ्या, कारण वर अपील करायला तोच कागद लागतो. सकाल म्हणजे ठरावीक सरकारी कामं ठरलेल्या मुदतीत करून द्यायला लावणारा कर्नाटकाचा कायदा. जे काम त्याच्या यादीत आहे, त्याची पोच सकाल नंबरासह घ्या, म्हणजे मुदत मोजता येते.

ज्या रकमेबद्दल वाद नाही ती थांबवू नका. चालू वर्षाचा खरा फाळा भरून टाका. एप्रिलमध्ये भरला की पाच टक्के सूटही मिळते. चुकीच्या रकमेतलं काही नाइलाजाने भरावंच लागलं तर त्याच दिवशी 'हरकत राखून भरणा केला आहे' असं पत्र देऊन पोच घ्या.

महिना उलटला आणि उत्तर नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तीही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. म्हणून कहाणी लिहू नका, विचारा फक्त: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइल कुणाच्या टेबलावर आहे, डीसीबीची प्रत द्या. शेजारणीच्या प्रकरणात या अर्जानेच फाइल हलली. राज्य सरकारचा तक्रारीचा फोन १९०२ आहे, तिथेही तक्रार नोंदवून नंबर घ्या.

विजेच्या बिलाचं थोडक्यात. बिलातलं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) जुळवा, १९१२ वर तक्रार नोंदवा आणि उपविभागाच्या कचेरीत लेखी द्या. वीज कायदा २००३ प्रमाणे बाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत राखून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. लाइनमन दारात उभा असताना हे ठाऊक असणं फार कामाला येतं.

आयकराची नोटीस आली तर आधी ती खरी आहे का बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन हा क्रमांक असतो. तो आयकराच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. मेसेजमधल्या लिंकवर मात्र बोट ठेवू नका. नोटीस खरी असेल तर पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची वार्षिक यादी, उघडा. तुमच्या पॅनवर दुसऱ्याचा व्यवहार चढला असेल तर तिथेच त्या नोंदीवर 'ही माहिती माझी नाही' असा अभिप्राय देता येतो, आणि थकीत मागणीला 'मान्य नाही' असं कारणासह उत्तर देता येतं. जुन्या बारीक मागण्यांचं वेगळंच. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या, आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या दहा हजारांपर्यंतच्या प्रत्यक्ष कराच्या मागण्या सोडून द्यायचं जाहीर झालं. अशी काही बाकी अजून दिसत असेल तर ती भरण्याआधी हे बघून घ्या.

कर्जाच्या खोट्या दाव्यात माणसं जास्त घाबरतात, कारण तिथे दारात माणूस येतो. आलेल्या माणसाला एवढंच म्हणा: "ओळखपत्र दाखवा, कर्जाचा करार आणि खात्याचा उतारा लेखी पाठवा." सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, घरातल्या माणसांना धमक्या यालाही मनाई आहे. नोंदणी नसलेल्या कर्जवाल्यांच्या जाचाविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये वेगळा कायदा आणला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं म्हणून परत पाठवलं तर त्या कायद्याचं नाव घ्या. मोबाईलच्या ॲपवाल्यांनी छळलं किंवा फसवलं तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर फोन करा.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. "मावशी, नुसते पाचशे भरा आणि इथे सही करा, विषय मिटवतो" असं कुणी म्हटलं तर सही करू नका. कर्जाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत संपण्याआधी तुम्ही बाकी लेखी कबूल केली किंवा सही करून थोडी रक्कम भरली की ती मुदत नव्याने सुरू होते. आणि जे कर्ज तुमचं नव्हतंच, ते तुमच्या सहीने तुमचं होऊन बसतं. नवरा किंवा वडील वारल्यावर त्यांच्या कर्जासाठी आलेल्यांनाही हेच. वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही स्वतः जामीन नसाल तर तुमच्या पगारातून, तुमच्या मंगळसूत्रातून ते फेडायचं नाही.

तुमच्या नावे भलतंच कर्ज आहे का हे बघायला सिबिल आणि इतर तिन्ही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. चूक दिसली तर त्यांच्याकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे तक्रार करा. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, फोन १४४४८.

पण आपल्याकडे कर्ज बहुतेक सोसायटीचं असतं. पिग्मी एजंट ओळखीचा, चेअरमन नात्यातला, आणि जामीनदाराची सही चहा पिता पिता झालेली. सोसायटी म्हणजे बँक नव्हे, लोकपाल तिथे चालत नाही. राज्याच्या कायद्याखालच्या सोसायटीविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडे करायची. सोसायटीने वसुलीचा दावा लावला तर त्याचं समन्सही सहकार खात्याकडूनच येतं. ते आलं आणि तुम्ही तारखेला गेला नाही, तर एकतर्फी निकाल होतो आणि मग घरावर जप्ती येते. सही तुमची नसेल, कर्ज फिटलेलं असेल, तरी ते त्या तारखेलाच सांगावं लागतं. सोसायटीत असताना मी बघितलंय, हजर राहून "मूळ कर्जरोखा दाखवा" एवढं म्हणणाऱ्याचं प्रकरण वेगळ्या वळणाने जातं. कर्ज फिटल्यावर 'बाकी नाही' असा दाखला आणि जामीनकीच्या वेळी दिलेले कोरे चेक त्याच दिवशी परत घ्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून तारीख चुकवू नका. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तालुक्याला समिती असते, फोन १५१००. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत तडजोडीला बसवलं तर आकडा पूर्ण पटल्याशिवाय सही करू नका, कारण त्या निकालावर अपील नाही. जाताना मूळ नोटीस, ती आलेलं पाकीट (त्यावरचा पोस्टाचा शिक्का तारखेसाठी लागतो), पावत्यांचे दोन संच झेरॉक्स, आधार, आणि आधीच्या सगळ्या अर्जांच्या पोच घेऊन जा. मूळ पावत्या कुणाच्याही टेबलावर सोडू नका.