घरून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी संगणकाचा विमा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा

अनुवाद, चित्रफितींचे संपादन, डिझाइन, प्रोग्रॅमिंग अशी कामे स्वतंत्रपणे करणाऱ्या माणसाची कमाई बहुधा एकाच यंत्रावर अवलंबून असते. नोकरदाराचा लॅपटॉप बिघडला तर कार्यालय दुसरा देते. आपल्याला मात्र तो स्वतःच्या पैशाने आणावा लागतो, आणि तो येईपर्यंत काम अडून राहते. तरीही विमा सरसकट सर्वांनी घ्यावा, असे माझे मत नाही. हे यंत्र उद्या पूर्ण निकामी झाले, तर कर्ज न काढता दोन-तीन दिवसांत दुसरे घेता येईल का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या आणि तेवढी रक्कम बँकेत बाजूला ठेवलेल्या अनुवादकाला विम्याची फारशी गरज नाही. ज्याचा संगणक, दोन मॉनिटर, कॅमेरा आणि हार्ड डिस्क मिळून चार लाखांच्या घरात जातात आणि ज्याच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, त्याने मात्र विमा टाळू नये.

उत्तर ‘विमा हवा’ असे आले, तर प्रथम सर्व सामानाची यादी करावी. प्रत्येक वस्तूवर छापलेला अनुक्रमांक (सीरियल नंबर), खरेदीचे बिल, छायाचित्र आणि तशीच नवी वस्तू आज घेतल्यास पडणारी किंमत त्या यादीत असावी, आणि यादीची एक प्रत घराबाहेर किंवा ऑनलाइन साठवावी.

त्यानंतर आपल्याकडे आधीपासून असलेली पॉलिसी वाचावी, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी देतात. आग, पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तींत घराचे आणि घरातील सामानाचे झालेले नुकसान तिच्यात भरून मिळते. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी शिरले, तसा प्रसंग तळमजल्यावर राहणाऱ्या कोणावरही येऊ शकतो, म्हणून हे संरक्षण मोलाचे आहे. परंतु विजेचा दाब वाढून किंवा शॉर्टसर्किट होऊन त्याच यंत्राचा मदरबोर्ड जळाला, तर ते नुकसान या पॉलिसीत बसत नाही. लॅपटॉप हातून पडला किंवा त्यावर चहा सांडला, तरीही भरपाई मिळत नाही. शिवाय ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. व्यवसायासाठी वापरले जाणारे सामान तिच्यात धरले जाईल का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

एका जागी राहणाऱ्या महागड्या सामानासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा हा प्रकार अधिक योग्य आहे. विजेच्या दाबातील चढउतार आणि अचानक झालेला अपघाती बिघाड सामान्यतः त्यात येतो. झीज आणि उत्पादकाच्या वॉरंटीत येणारे दोष येत नाहीत. विमा रक्कम मात्र आजच्या नव्या किमतीइतकीच ठेवावी. चार लाखांचे सामान दोन लाखांचे दाखवून हप्ता वाचवला आणि नंतर एक लाखाचे नुकसान झाले, तर त्याच प्रमाणात कपात होऊन हाती पन्नास हजारच येतात. दुसरी गोष्टही आधीच समजून घ्यावी: दुरुस्ती होण्यासारखे नुकसान असेल तर घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत, सहसा कापला जात नाही, पण यंत्र पूर्ण गेले तर घसारा वजा करून रक्कम मिळते. त्यामुळे पाच वर्षे जुन्या संगणकासाठी हा विमा क्वचितच परवडतो.

लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी पॉलिसी घराबाहेरही लागू आहे का, हे पाहावे. ‘घरफोडी’ या शब्दाचा विम्यातील अर्थ कुलूप किंवा दार तोडून झालेली चोरी असा आहे. कॅफेच्या टेबलावरून किंवा लोकलच्या रॅकवरून उचललेला लॅपटॉप त्यात येत नाही. त्यासाठी फिरत्या उपकरणांचे वेगळे संरक्षण मागावे लागते, आणि त्यातही नजरेआड ठेवलेली वस्तू अनेकदा वगळलेली असते. यंत्र केवळ हातून पडण्याची भीती असेल, तर यंत्र घेतानाच मिळणारी उत्पादकाची अपघाती नुकसानीची योजना पुरेशी ठरते.

हप्त्याची तुलना करताना त्यावरील १८ टक्के जीएसटी आणि प्रत्येक दाव्यात स्वतः सोसायची रक्कम धरावी. व्यवसायातून वर्षभरात मिळालेल्या एकूण रकमेच्या पन्नास टक्के नफा गृहीत धरून प्राप्तिकर भरणाऱ्यांना या हप्त्याची वेगळी वजावट मिळत नाही, हेही हिशेबात घ्यावे.

विमा घेतला तरी कामाच्या फायलींची रोजची प्रत दुसरीकडे असलीच पाहिजे, कारण यंत्राची किंमत मिळाली तरी ग्राहकाचे हरवलेले काम परत येत नाही. नुकसान झाल्यास त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे, चोरी असल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी, आणि नुकसानीचा अंदाज घेणारा सर्वेक्षक येऊन पाहीपर्यंत बिघडलेले यंत्र दुरुस्तीला देऊ नये. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागावी. तिथे समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, आणि तक्रारीसाठी शुल्क लागत नाही की वकीलही लागत नाही.