इन्सुलिनची पोत ओवायची कशी?

१९५१ साली लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी इन्सुलिनच्या स्फटिकांच्या नकाशांवरून भिंतीला लावायचे कागद छापले होते. आपल्याला एवढा खटाटोप नको. मणी, नायलॉनचा दोरा आणि बारीक तांब्याची तार पुरे.

इन्सुलिन हे प्रथिन, म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या छोट्या रेणूंच्या दोन साखळ्या; आपले दोन सर त्यांचेच. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ही आम्लं ५१, म्हणून मणीही ५१: काळे १७, पांढरे २०, पिवळे ६, तांबडे ४, निळे ४. काळे म्हणजे ज्यांना पाण्याचं वावडं आहे ती आम्लं. तांबडे ऋणभाराचे, निळे धनभाराकडे झुकणारे. पिवळे मणी सिस्टीनचे. त्यात गंधक असतो, त्यामुळे रंग लक्षात राहतो. उरलेली सगळी पांढऱ्यात घातली आहेत, ही माझी सवलत.

ओवण्याआधी सुरुवातीच्या टोकाला मोठी गाठ मारा. मी हे टाळलं होतं. मग एक सर उलटा धरला गेला, तारा एकमेकींवरून गेल्या आणि अख्खी संध्याकाळ उसवण्यात गेली.

पहिला सर २१ मण्यांचा. पिवळे ६, ७, ११ आणि २० व्या जागी, तांबडे ४ आणि १७, काळे २, ३, १०, १३, १६, बाकी पांढरे.

दुसरा ३० चा. पिवळे ७ आणि १९, तांबडे १३, २१, निळे ५, १०, २२, २९, काळे १, २, ६, ११, १२, १४, १५, १७, १८, २४, २५, २८, बाकी पांढरे.

आता तार. पहिल्या सरातला ६ वा पिवळा त्याच सरातल्या ११ व्याला बांधा, तिथे छोटा फासा पडेल. मग पहिल्यातला ७ वा दुसऱ्यातल्या ७ व्याला, आणि २० वा १९ व्याला. दोन सर एकत्र राहतात ते याच दोन गंधक-बंधांमुळे. तारा घट्ट पिळा, पण दोरा कापला जाणार नाही इतपतच.

शेवटी पोत तळहातावर घेऊन जमतील तेवढे काळे मणी आत जातील अशी चुरगळा. पाण्यात प्रथिनाची घडी साधारण अशीच बसते.

हौस उरलीच तर दुसऱ्या सराचा शेवटचा पांढरा मणी काढून काळा घाला, झालं डुकराचं इन्सुलिन. गाईचं हवं असेल तर पहिल्या सरातला ८ वाही काळा करा. गाईत १० वं आम्लसुद्धा बदलतं, पण काळ्याच्या जागी काळंच येतं, त्यामुळे पोतीत ते दिसत नाही.