नामिबियातील पहिली प्लेन्स गेम शिकार : नेमापासून मिठापर्यंतची तयारी

हत्ती, केप म्हैस, सिंह, बिबट्या आणि गेंडा हे धोकादायक समजले जाणारे प्राणी वगळले की दक्षिणेकडील आफ्रिकेत शिकारीसाठी जे प्राणी उरतात, त्यांना तिकडे सरसकट ‘प्लेन्स गेम’ म्हणतात. नावात मैदान असले तरी ते सगळे मैदानात राहत नाहीत. कुडू हे मोठे हरिण काटेरी झुडपांत आणि डोंगरउतारावर असते, हार्टमनचा डोंगरी झेब्रा खडकाळ कडे चढतो, आणि खऱ्या अर्थाने उघड्यावर भेटतात ते स्प्रिंगबॉक, ओरिक्स (ज्याला तिथले लोक गेम्सबॉक म्हणतात) आणि तांबडा हार्टबीस्ट. आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर स्प्रिंगबॉक साधारण आपल्या काळविटाएवढा, कुडूचा नर नीलगायीच्या मोठ्या नराच्या वजनाचा, आणि एलंड या हरणाचा पूर्ण वाढलेला नर त्याच्या दुपटीहूनही जड असतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर शिकारीची परंपरा संपली, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे हे टिपण मुख्यतः परदेशात स्थायिक झालेल्या, तिथे रीतसर परवाना असलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. नामिबिया निवडण्याचे कारण असे की पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथली व्यवस्था समजायला सोपी आहे आणि तिथल्या शिकारीमागचा विचारही स्पष्ट आहे. १९७५ च्या निसर्गसंवर्धन अध्यादेशाने शेतमालकांना त्यांच्या जमिनीवरील काही वन्यप्राण्यांबाबत हक्क दिले, आणि १९९६ च्या दुरुस्तीने तसाच हक्क सामुदायिक जमिनीवरील गावांना ‘कॉन्झर्व्हन्सी’, म्हणजे गावकऱ्यांची स्वतःची वन्यजीव-संस्था, स्थापन करून मिळू लागला. रानातल्या प्राण्याची किंमत त्या जमिनीवर राहणाऱ्याच्या पदरात पडू लागली, तेव्हा गुरांसाठी त्याला हाकलून देण्याऐवजी राखणे परवडू लागले. ही साखळी पटत नसेल तर शिकारीला जाऊ नये. पटत असेल तर आपल्या पैशाचा आणि आपल्या गोळीचा हिशेब चोख ठेवावा.

पहिला निर्णय जमिनीचा. कुंपणातल्या लहान फार्मवर शिकारीच्या आदल्या आठवड्यात आणून सोडलेला प्राणी मारणे याला मी शिकार मानत नाही. म्हणून फार्म किती हेक्टरचा आहे, प्राणी तिथेच जन्मलेले आहेत का, गुरांचे साधे कुंपण आहे की प्राणी ओलांडू शकणार नाहीत असे उंच कुंपण आहे, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावेत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. दुसरा प्रश्न मार्गदर्शकाचा. नामिबियात परदेशी पाहुण्याला ट्रॉफी शिकार, म्हणजे शिंगे-कातडी आठवण म्हणून ठेवण्यासाठीची शिकार, एकट्याने करता येत नाही. सोबत सरकारदरबारी नोंदणी झालेली व्यक्ती असावीच लागते. या नोंदणीचे दर्जे आहेत. साधा हंटिंग गाइड स्वतःच्या जमिनीपुरता मर्यादित असतो, तर प्रोफेशनल हंटर देशभर शिकार घडवू शकतो, म्हणून ज्या जमिनीवर जायचे तिच्यासाठी त्याचा दर्जा पुरेसा आहे का ते पाहावे. १९७४ साली स्थापन झालेली ‘नाफा’ ही तिथल्या व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना आहे. मार्गदर्शक तिचा सदस्य असणे ही चांगली खूण आहे.

करारात दोन आकडे वेगवेगळे येतात : दिवसाचा दर आणि प्रत्येक प्राण्यामागची ट्रॉफी फी. दिवसाच्या दरात राहणे, जेवण, मार्गदर्शक आणि फार्मवरील वाहन बहुधा धरलेले असते. विमानतळावरून ने-आण, कर, कातडी कमावण्याचा आणि पाठवणीचा खर्च बहुधा धरलेला नसतो. एक कलम मात्र सगळीकडे सारखे असते, आणि ते वाचून समजून घेतल्याशिवाय सही करू नये : जखमी होऊन हाती न लागलेला प्राणी मारला गेला असे धरून त्याची पूर्ण फी द्यावी लागते. हे कलम न्याय्य आहे. शिकारीचा परवाना आयोजकाने पर्यावरण मंत्रालयाकडून शिकार सुरू होण्यापूर्वी आपल्या नावाने काढलेला असला पाहिजे. एका परवान्यावर एका जातीचे दोनपेक्षा जास्त प्राणी मिळत नाहीत. पहिल्या खेपेला सात दिवस आणि तीन किंवा चार प्राणी एवढेच ठरवावे. यादी लांबली की घाई होते, आणि घाईत नेम चुकतो.

हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाने गवत वाढलेले असते आणि पाणी सगळीकडे असल्यामुळे प्राणी विखुरतात. मे ते ऑगस्ट हा थंड, कोरडा काळ नवख्याला सर्वांत अनुकूल, कारण झाडी विरळ होते आणि पाणवठ्यांकडे जाणाऱ्या वाटा ठरून जातात. मात्र राजधानी विंडहुकच्या भोवतालचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच आहे. जून-जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत पारा शून्याजवळ असतो आणि दुपारी बारा वाजता अंगात सदरा पुरतो.

बंदुकीबाबत नामिबियाचा कायदा नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीच्या ऊर्जेची मर्यादा घालतो : स्प्रिंगबॉकसाठी किमान १,३५० जूल, आणि कुडू, ओरिक्स, विल्डबीस्ट, हार्टबीस्ट, एलंड यांच्यासाठी २,७०० जूल. .३०८ किंवा .३०-०६ काडतुसाची साधी, जगभर मिळणारी रायफल ही मर्यादा आरामात ओलांडते. पिस्तुले आणि स्वयंचलित शस्त्रे चालत नाहीत. नव्याने मोठ्या धक्क्याची, जास्त ताकदीच्या काडतुसाची मॅग्नम रायफल विकत घेण्याचा मोह आवरावा, कारण धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटणारा माणूस कोणत्याही ताकदीच्या काडतुसाने प्राणी जखमीच करतो. .३०-०६ साठी १६५ ते १८० ग्रेन वजनाची, आघातावर फुटून न जाता फुलणारी, गाभा घट्ट जोडलेली गोळी घ्यावी. स्वतःची बंदूक नेणे आवश्यकच आहे असे नाही. बहुतेक आयोजक भाड्याने चांगली रायफल देतात, आणि ज्याचा विमानप्रवास तीन देशांतून आहे त्याला मी तोच मार्ग सुचवीन.

आता सर्वांत महत्त्वाची तयारी. आफ्रिकेत गोळी बाकावर वाळूची पिशवी ठेवून झाडली जात नाही. ती तीन पायांच्या उंच काठ्यांवर रायफल टेकवून, उभ्याने, बहुधा धाप लागलेली असताना झाडली जाते. जाण्यापूर्वी किमान तीन महिने अशाच काठ्या घेऊन रेंजवर सराव करावा. काठ्या मांडणे, रायफल टेकवणे, रायफलवरच्या दुर्बिणीत लक्ष्य सापडणे आणि चाप ओढणे ही चार कामे दहा सेकंदांत, न गडबडता व्हायला हवीत. पुढची पायरी म्हणजे शंभर मीटर जोरात चालून लगेच तोच प्रयोग करणे. १०० मीटरवर पाचपैकी पाच गोळ्या थाळीएवढ्या वर्तुळात पडतात, पण २०० मीटरवर तीनच पडतात, तर आपली मर्यादा १०० मीटर आहे; ती मार्गदर्शकाला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकावी. झुडपांच्या प्रदेशात बहुतेक संधी १५० मीटरच्या आत मिळतात, म्हणून अशी कबुली दिल्याने शिकार बुडत नाही.

सरावाइतकाच अभ्यास शरीररचनेचा करावा. युरोप-अमेरिकेतल्या हरणांवर शिकलेले लोक फऱ्याच्या (खांद्याच्या पात्याच्या) मागे नेम धरतात आणि इथे चुकतात, कारण आफ्रिकी हरणांचे हृदय छातीत पुढे आणि खाली, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध असते. प्राणी आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेवर सरळ वर जावे आणि छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबावे. तिथे गोळी हृदयाला किंवा त्याच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना लागते, आणि थोडी वर गेली तरी फुप्फुसे सापडतात. ओरिक्स आणि विल्डबीस्टच्या खांद्यावर उंचवटा असतो. डोळ्याला जो शरीराचा मध्य वाटतो तो त्यामुळे खऱ्या मध्याच्या वर असतो, आणि तिथे मारलेली गोळी कण्याच्या वरच्या हाडांना चाटून जाते; प्राणी कोसळतो, क्षणभराने उठतो आणि कायमचा निघून जातो. प्राणी तिरका, आपल्यापासून दूर तोंड करून उभा असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी जाईल असा नेम धरावा. सरळ पाठमोऱ्या प्राण्यावर किंवा डोक्यावर नेम धरूच नये. ओरिक्सच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की शिंगे नर आणि मादी दोघांनाही असतात, आणि मादीची बरेचदा अधिक लांब असतात. नराची शिंगे बुडाशी जाड असतात. निवड मार्गदर्शकावर सोपवावी, आणि त्याने ‘मारा’ म्हटल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये.

गोळी सुटताच बोल्ट ओढून दुसरे काडतूस भरावे आणि दुर्बिणीतून नजर हलवू नये. प्राणी कोणत्या झुडपाजवळ होता आणि कोणत्या दिशेने गेला हे मनात पक्के करावे. पुढचे काम माग काढणाऱ्याचे आहे, आणि त्याच्या पुढे चालून ठसे मोडण्याएवढा मोठा अपराध त्या दिवशी दुसरा नाही. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचे. काळपट, चाऱ्याचे कण असलेले रक्त पोटाचे, म्हणजे घाई न करता लांब चालायची तयारी ठेवायची. सान या तिथल्या मूळच्या शिकारी समाजातले माग काढणारे कडक जमिनीवरच्या उलटलेल्या खड्यावरून आणि दबलेल्या गवतावरून जे वाचतात ते पाहण्यासाठी मी ट्रॉफीशिवायही तिथे जाईन. पडलेल्या ओरिक्सजवळ नेहमी पाठीकडून जावे. त्याची भाल्यासारखी शिंगे शेवटच्या झटक्यातही माणसाला भोसकू शकतात.

प्रवासाचे थोडक्यात. विमान कंपनीची बंदुकीसाठीची परवानगी आगाऊ आणि लेखी घ्यावी. काडतुसे वेगळ्या कुलूपबंद पेटीत, ५ किलोच्या आत. विंडहुकच्या होसेया कुताको विमानतळावर पोलिसांकडून तात्पुरता आयात परवाना मिळतो. बंदुकीचा क्रमांक आणि मूळ परवाना जुळला पाहिजे. जोहान्सबर्गला विमान बदलायचे असेल तर सामान थेट विंडहुकपर्यंत नोंदवून घ्यावे, कारण मध्येच आपण ते ताब्यात घेतले तर दक्षिण आफ्रिकेचा वेगळा तात्पुरता परवाना लागतो.

कपडे खाकी किंवा मातकट हिरवे, खसखस आवाज न करणारे असावेत. लष्करी छापाचे कपडे टाळावेत; झिंबाब्वे आणि झांबियासारख्या जवळच्या देशांत ते नागरिकाने घालणे गुन्हा आहे. बूट किमान दोन महिने वापरलेले हवेत. तिथल्या एका आकड्या काट्याच्या झाडाचे आफ्रिकान्स नावच ‘थोडं थांब’ अशा अर्थाचे आहे, आणि ते झाड खरोखरच थांबवते. मध्य नामिबियात मलेरियाचा धोका कमी आहे, उत्तरेत तो आहे, म्हणून फार्म नेमका कुठे आहे ते डॉक्टरला सांगूनच गोळ्या ठरवाव्यात. संध्याकाळी अंगावर गोचीड शोधावी. विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च भरणारा विमा काढल्याशिवाय घरातून निघू नये.

मांस पाहुण्याचे नसते. ते फार्मवर खाल्ले जाते, विकले जाते, बिल्टाँग म्हणून वाळवले जाते, आणि कॉन्झर्व्हन्सीत गावकऱ्यांना वाटले जाते. त्या रात्री शेगडीवर ओरिक्सच्या पुठ्ठ्याचे मांस भाजले जाईल, ते आवर्जून खावे. आपल्याकडे येतात ती फक्त शिंगे आणि कातडी, आणि तीही ताबडतोब सोलून भरपूर मिठात घातली तरच. भिंतीवर लावण्यासाठी डोक्यापासून खांद्यापर्यंतचा पुतळा करायचा असेल तर कातडी फऱ्याच्या बरीच मागे कापायला सोलणाऱ्याला आधीच सांगावे, कारण आखूड कापलेली कातडी पुन्हा लांब होत नाही. हार्टमनच्या झेब्र्याला साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराखालचा वेगळा निर्यात परवाना लागतो, कुडू-ओरिक्सला तो लागत नाही. पण आपण राहतो त्या देशाचे आयातीचे नियम त्याहून कडक असू शकतात आणि ते शिकारीपूर्वीच तपासावेत. भारतात या वस्तू आणण्याचा विचारच करू नये. त्यासाठी छायाचित्रे पुरेशी आहेत. बाकी देशांत राहणाऱ्यांनी प्रत्येक शिंगजोडीवर आणि कातडीवर आपले नाव, प्राण्याची जात आणि तारीख लिहिलेली पक्की चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांदेखत बांधून घ्यावी, आणि परवान्याची एक प्रत फार्म सोडण्यापूर्वी खिशात ठेवावी, कारण पेटी घरी पोहोचायला कित्येक महिने लागतात आणि तोवर तो कागदच आपल्या हाती असतो.