पहिले घर घेण्याची तयारी: घरे पाहायला जाण्याआधी आणि नंतर

पहिल्यांदा घर घेणारे बहुतेक जण आधी घरे पाहतात आणि एखादे मनात भरले की पैशांची जुळवाजुळव सुरू करतात. खरेदीत जास्तीचा पैसा जातो तो मुख्यतः या उलट्या क्रमामुळे, असे माझे ठाम मत आहे. घर एकदा आवडले की व्याजदरांची तुलना करायला धीर राहत नाही, कागदपत्रांतील शंका क्षुल्लक वाटू लागतात आणि मूळ अंदाजापेक्षा थोडे जास्त द्यायला मन आपोआप तयार होते. त्यामुळे पुढची तयारी शक्यतो ज्या क्रमाने लिहिली आहे त्याच क्रमाने करावी आणि तिचा पहिला भाग पूर्ण होईपर्यंत एकही घर पाहायला जाऊ नये.

सुरुवात घरखर्चाच्या हिशेबापासून करावी. मागील सहा महिन्यांत हातात आलेले उत्पन्न आणि झालेला खर्च खातेपुस्तकावरून लिहून काढावा. आठवणीवर विसंबू नये, कारण वर्षातून एकदाच येणारे विम्याचे हप्ते, शाळेची फी, आजारपण आणि प्रवास हे खर्च आठवणीतून नेमके सुटतात. मग कर्जाचा संभाव्य हप्ता आणि नव्या घराचा देखभाल खर्च यांच्या बेरजेतून सध्याचे भाडे वजा करावे आणि उरणारी रक्कम सहा महिने, दर महिन्याला पगार होताच, वेगळ्या खात्यात टाकत जावी. हप्ता आपल्याला पेलेल की नाही, याचे उत्तर कोणत्याही सल्लागारापेक्षा ही रंगीत तालीम अधिक खरे देते. शिवाय ती संपते तेव्हा बऱ्यापैकी रक्कम साठलेली असते. तालमीत दोन महिने ओढाताण झाली, तर घराची किंमत कमी धरावी किंवा वर्षभर थांबावे. हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा हप्ता पहिल्या घरासाठी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, मग कर्ज देणारी संस्था कितीही जास्त रक्कम मंजूर करायला तयार असो. ती मंजुरी तुमची परतफेडीची क्षमता पाहून दिलेली असते. मुलांचे शिक्षण किंवा आईवडिलांची आजारपणे तिच्या हिशेबात नसतात.

साठवलेला सगळा पैसा सुरुवातीच्या स्वतःच्या हिश्शात ओतणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. घराच्या किमतीखेरीज मुद्रांक आणि नोंदणीचे शुल्क, लागू असलेले कर, वकिलाची फी, कर्जाचे प्रक्रिया शुल्क, मालमत्तेच्या मूल्यांकनाचा खर्च, मध्यस्थाची दलाली, विमा, आगाऊ घेतला जाणारा देखभाल निधी, सामान हलवणे, दिवे-पंखे, पडदे आणि किरकोळ दुरुस्ती अशी लांबलचक रांग लागते, आणि यांतील बहुतेक रकमा कर्जातून भागवता येत नाहीत. ही संपूर्ण रांग प्रत्येकाकडून लेखी आकडे घेऊन आधी मांडावी, तिच्यापुढे किमान सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी राखीव रक्कम ठेवावी आणि त्यानंतर जे उरेल तेवढेच घराच्या किमतीत स्वतःचे घालावे.

कर्जासाठी अर्ज करण्याच्या काही महिने आधी स्वतःचा पतइतिहास, म्हणजे आधीच्या कर्जांच्या आणि त्यांच्या परतफेडीच्या नोंदींचा अहवाल, मागवून वाचावा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) कमी होत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फेडून झालेले एखादे जुने कर्ज त्यात अजून चालू दिसते, नावाच्या सारखेपणामुळे दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावावर चढलेली असते. अशा चुका दुरुस्त व्हायला वेळ लागतो आणि गुणांक खाली असला तर व्याजदर वाढतो. या काळात नवे वाहनकर्ज किंवा हप्त्यावरची खरेदी करू नये, क्रेडिट कार्डाची बाकी पूर्ण फेडावी आणि एकाच आठवड्यात अनेक संस्थांकडे औपचारिक अर्ज करू नयेत. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर तेही विचारात घेतले जाऊ शकते.

आता कर्जाचे गणित. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण वीस वर्षांतील सर्वांत मोठी बचत किंवा उधळपट्टी इथेच ठरते. सोयीसाठी कर्जाची रक्कम १०० धरू. ८ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीने एकूण परतफेड सुमारे २०१ होते, म्हणजे मुद्दलाएवढेच व्याज. मुदत ३० वर्षांची केली तर हप्ता साधारण १२ टक्क्यांनी हलका होतो, पण एकूण परतफेड २६४ वर जाते. १५ वर्षांची केली तर हप्ता १४ टक्क्यांनी वाढतो आणि एकूण परतफेड १७२ वर येते. दरातील अर्धा टक्काही लहान समजू नये: ८ ऐवजी ८.५ टक्के दर असेल, तर २० वर्षांत प्रत्येक १०० मागे साडेसात जास्त द्यावे लागतात. मालकाशी भावावरून तासभर घासाघीस करणारे आपण दोन संस्थांच्या दरांतील हा फरक विचारायला संकोचतो, याचे मला फार वाईट वाटते.

सुरुवातीच्या हप्त्यांचे स्वरूपही समजून घ्यावे. वरील २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा सुमारे ८० टक्के भाग व्याजातच जातो आणि पाच वर्षे नियमित हप्ते भरूनही मुद्दल जेमतेम साडेबाराने कमी होते. म्हणूनच मुद्दलाची जादा परतफेड जितक्या लवकर कराल तितकी ती जास्त कामी येते. दरवर्षी एक जादा हप्ता भरत राहिल्यास हेच कर्ज सुमारे तीन वर्षे आधी संपते. मात्र जादा रक्कम भरताना ती मुद्दलातून वजा करून मुदत कमी करावी, असे लेखी कळवावे, नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी केला जातो आणि व्याजातील बचत घटते. दर बदलता असेल तर उलट धोकाही आहे. दर सुरुवातीलाच ८ वरून ९ टक्क्यांवर गेला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर २० वर्षांची मुदत २५ वर्षांच्या पुढे सरकते, आणि हप्ता बदललेला नसल्यामुळे कर्जदाराला हे कित्येकदा कळतही नाही. वर्षातून एकदा उरलेल्या मुदतीचे विवरण मागवण्याची सवय म्हणून लावून घ्यावी.

संस्थांची तुलना करताना किमान तीन ठिकाणी, एकाच रकमेसाठी आणि एकाच मुदतीसाठी, लेखी प्रस्ताव घ्यावेत, आणि जाहिरातीतील दराऐवजी सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक खर्च विचारावा. दर किती काळाने आणि कशाच्या आधारे बदलतो, मुदतपूर्व परतफेडीला दंड आहे का, आणि कर्जासोबत विमा घेणे खरोखर बंधनकारक आहे का, हेही स्पष्ट करून घ्यावे. कमावत्या व्यक्तीच्या आयुष्याचा विमा असायलाच हवा. परंतु त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला, तर त्या हप्त्यावरही २० वर्षे व्याज जाते, म्हणून तो स्वतंत्रपणे घेऊन पाहावा आणि दोन्ही खर्च शेजारी शेजारी मांडावेत.

एवढे झाल्यावर घरे पाहायला बाहेर पडावे. ज्यांत तडजोड होणार नाही अशा तीन-चार गरजा घरातील सर्वांनी मिळून आधीच लिहून ठेवाव्यात. लांबचे घर स्वस्त दिसते, पण जाण्यायेण्यात रोज दोन तास जास्त लागत असतील, तर २५० कामाच्या दिवसांत ते ५०० तास होतात. त्यात भाडे किंवा इंधन मिळवून मगच ते घर स्वस्त आहे की नाही हे ठरवावे. पसंत पडलेले घर एकदा सकाळच्या गर्दीच्या वेळी, एकदा रात्री आणि शक्य असेल तर भर पावसात पाहावे. आम्ही आमचे घर कोरड्या दिवसांत, ताज्या रंगाच्या वासात पाहिले होते, आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला. पुढची दोन वर्षे जलरोधनावर जे पैसे गेले, ते पावसाच्या एका भेटीने वाचले असते, किंवा निदान किमतीतून वळते करता आले असते.

पाहणीला जाताना मोजपट्टी, टॉर्च आणि वही बरोबर असावी. एखादीच भिंत नुकती रंगवलेली असेल तर तिचे कारण विचारावे. छताचे कोपरे, कपाटांच्या मागची बाजू आणि सिंकखालची जागा टॉर्चने पाहावी. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या रेषा सहसा निरुपद्रवी असतात, परंतु दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या किंवा पाच मिलिमीटरहून रुंद भेगा स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. सर्व नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब पाहावा, न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते निचऱ्याकडे जाते की उंबऱ्याकडे हे तपासावे, प्रत्येक खिडकी उघडून बंद करावी. खोल्या स्वतः मोजाव्यात आणि किमतीला आतील वापरण्याजोग्या क्षेत्रफळाने भागून मगच दोन घरांची तुलना करावी. दहा बाय बारा फूट सांगितलेली खोली दोन्ही बाजूंना फक्त चार इंच कमी भरली, तरी क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी घटते. तज्ज्ञाकडून पाहणी करून घेण्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते आणि त्याचा अहवाल भाव ठरवताना हातात असलेला सर्वांत उपयोगी कागद ठरतो.

कागदपत्रांसाठी वकील स्वतःचा निवडावा, विक्रेत्याने किंवा विकसकाने सुचवलेला घेऊ नये. मालकी कोणाकडून कोणाकडे आली याची अखंड साखळी, मालमत्तेवर कर्जाचा बोजा, सहमालक आणि वारस यांची संमती, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ, करांची व देखभालीची थकबाकी, या सर्वांवर त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. कर्ज मंजूर झाले म्हणजे मालकी निर्वेध आहे असे समजू नये, कारण संस्था तपासणी करते ती स्वतःच्या तारणापुरती. घर बांधकामाधीन असेल तर रक्कम कामाच्या टप्प्यांनुसारच द्यावी, आणि ताबा वर्षभर लांबला तर भाडे आणि कर्जाचा भार एकाच वेळी सोसता येईल का, हे तालमीच्या हिशेबात घालून पाहावे.

भाव ठरवताना कमाल आकडा घरी लिहून ठेवावा आणि वाटाघाटीच्या खोलीत तो बदलू नये. नुसते 'थोडे कमी करा' म्हणण्यापेक्षा वायरिंग बदलण्याचे आणि गळती थांबवण्याचे अंदाजपत्रक समोर ठेवले, तर बोलण्याला वजन येते. विसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, द्यावा तो बँकेमार्फत, पावती घेऊन, आणि कर्ज नाकारले गेले किंवा मालकीत दोष निघाला तर तो किती दिवसांत परत मिळेल हे कलम करारात लिहून घेतल्यावरच. घरात राहणाऱ्या वस्तूंची, म्हणजे पंखे, गीझर, कपाटे, पाण्याची टाकी यांची, यादी करारालाच जोडावी.

ताबा घेण्याच्या दिवशी शेवटची रक्कम देण्यापूर्वी घर पुन्हा एकदा रिकामे असताना पाहावे, राहिलेल्या दोषांची यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करावी, वीज आणि पाण्याच्या मीटरवरील आकड्यांचे छायाचित्र काढावे आणि सर्व किल्ल्या मिळाल्या तरी कुलपे बदलून घ्यावीत. पहिल्या महिन्यातच वीज, पाणी आणि कर यांच्या नोंदी आपल्या नावावर करून घ्याव्यात, मूळ कागद कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जमा केले असतील तर त्यांच्या यादीवर तिची पोच घ्यावी, आणि सामान लावण्याची घाई असली तरी नवे फर्निचर, मोठी दुरुस्ती आणि सजावट पहिला पाऊस पाहून होईपर्यंत पुढे ढकलावी.