सिरियल न सोडता सरकारचं बजेट कसं पाहायचं

सिरियल पाहणाऱ्या बायकांना नावं ठेवणं आधी बंद करा, माझं स्पष्ट मत आहे. जी काकू तीन वर्षं चाललेल्या मालिकेत कोणी कोणता कागद कधी लपवला हे न चुकता सांगते तिला सरकारचा हिशोब कळणार नाही असं काहून समजता? कळतो ना, पण चॅनलवाले चर्चेच्या नावाखाली आठ माणसं भांडायला बसवतात, हिशोब कोणी दाखवतच नाही.

तर १ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजता केंद्राचं बजेट येते तेव्हा संसद टीव्ही लावा, सिरियलची वेळच नसते ती. अर्थमंत्र्यांच्या भाषणाचे दोन भाग असतात, पहिल्यात योजना अन दुसऱ्यात टॅक्स. आपल्याकडे सगळे टॅक्ससाठीच थांबतात, २०२५ ला १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हटल्यावर बाकी काय झालं कोणी विचारलंच नाही.

खरं काम भाषणानंतर आहे. मोबाईलवर बजेटची सरकारी वेबसाइट उघडा, त्यात 'बजेट ॲट अ ग्लान्स' नावाची छोटी पीडीएफ असते, हिंदीतही आहे. रुपया कुठून आला कुठे गेला ते चित्र आधी पाहा, २०२५-२६ च्या चित्रात रुपयातले २४ पैसे कर्जातून येणार होते अन २० पैसे व्याजातच जाणार होते. मग मोठ्या योजनांचा तक्ता काढा. नवीन आकड्यावर खुश नका होऊ, त्याच्या बाजूचा मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज वाचा, म्हणजे जाहीर केलेल्यातलं खरंच किती खर्च होऊन राहिलं ते समजते. जल जीवन मिशनला २०२४-२५ साठी ७०,१६३ कोटी जाहीर झाले होते, सुधारित अंदाजात राहिले २२,६९४ कोटी, आणि पुढच्या वर्षी परत ६७,००० कोटींची घोषणा! नळाच्या पाण्याचा पैसा आहे हो हा, याच्यावर प्राइम टाइमला एक तास तरी चर्चा नको?

राज्याचं बजेट मार्चमधे मुंबईत येते, पण डिसेंबरात अधिवेशन आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात असते तेव्हा बातम्यांत मोर्चे अन ट्रॅफिक सोडून 'पुरवणी मागण्या' हा शब्द शोधा. बजेटमधे मंजूर झालेला पैसा पुरत नाही म्हणून सरकार तिथं जास्तीचा मागते. डिसेंबर २०२४ मधे हा आकडा ३५ हजार कोटींच्या वर होता. तो कोणकोणत्या खात्याला गेला ते पाहा, विदर्भाच्या सिंचनाला त्यात काय आलं ते पाहा, अन मग आपल्या आमदाराला तोच आकडा घेऊन प्रश्न विचारा.